ब्रॅडलीचे बर्गर

कॅलिफोर्नियाच्या नकाशात ब्रॅडली पटकन सापडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून १०१ नंबरच्या हायवेने लॉस एंजेलिसकडे निघालं की सलिनास नदीचं लांबलचक खोरं लागतं. दोन्ही बाजूंना लेट्यूस, ब्रोकोली, द्राक्षांचे मळे आणि त्यात कमरेत वाकून काम करणारे मेक्सिकन मजूर. (स्टाइनबेकच्या कादंबऱ्या वाचलेल्यांना हा भाग न बघताच ओळखीचा वाटतो.) किंग सिटी मागे पडलं की हिरवं संपतं, वाळक्या पिवळ्या गवताच्या टेकड्या सुरू होतात, जमिनीतून तेल उपसणारे, सारखी मान खालीवर करणारे पंप दिसायला लागतात. तिथेच पुढे ब्रॅडली. वस्ती शंभराच्या आत. एक प्राथमिक शाळा. गाडीने जाणाऱ्याने इथे थांबावं असं काहीच नाही.

अशा या गावात जून महिन्यातल्या एका दिवशी दोन-अडीच हजार माणसं सायकली घेऊन जेवायला यायची. कितीतरी वर्षं. कोविडची दोन वर्षं सोडली तर अगदी २०२५ पर्यंत.

ही मंडळी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी सात दिवसांची राइड करत असत. अंतर ५४५ मैल, म्हणजे ८७७ किलोमीटर. मुंबई-नागपूरपेक्षा थोडं जास्तच. ही शर्यत नव्हती. पहिला कोण आला ते कोणी लिहून ठेवत नसे. प्रत्येकाने निघण्याआधी आपल्या ओळखीपाळखीतून किमान ३००० डॉलर देणगी गोळा करायची आणि मग सायकलवर बसायचं, एवढीच अट. पैसे जायचे एचआयव्ही आणि एड्सच्या कामाला. २००२ पासून या राइडचं नाव होतं ‘एड्स/लाइफसायकल’. त्याआधी, १९९४ पासून, ‘कॅलिफोर्निया एड्स राइड’. नाव का बदललं त्यात बरंच महाभारत आहे, ते पुढे येईलच.

मी हे सगळं फोनवर मामाला सांगत होते, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला. "अगं पण त्यात सायकल कशाला? द्यायचे तर सरळ द्या ना पैसे. आठ दिवस मांड्या दुखवून घ्यायच्या आणि रोग्याला त्याचं काय?"

मामाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दानधर्माच्या सायकल राइड्स अमेरिकेत गल्लोगल्ली झाल्या आहेत. ऑफिसात दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी ईमेल पाठवतं, आपण पंचवीस-पन्नास डॉलर देतो आणि विसरून जातो. पण एड्सच्या बाबतीत या सायकलीने काहीतरी वेगळं केलं असं मला वाटतं. ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

जून १९८१. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण पुरुषांची माहिती छापून आली. पाचही समलिंगी, पाचही जणांना एका दुर्मिळ प्रकारचा न्यूमोनिया. इथून एड्सचा लेखी इतिहास सुरू होतो. पुढच्या दहा-बारा वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रोसारख्या वस्त्यांमधून किती माणसं गेली याच्या आठवणी अजून तिथले लोक सांगतात. १९९४ साली २५ ते ४४ वयाच्या अमेरिकन लोकांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण एड्स होतं. अपघात नाही, कॅन्सर नाही, हृदयविकार नाही. ऐन उमेदीची माणसं.

आणि भीती. आज आपल्याला त्या भीतीची नीट कल्पना येत नाही. कपाला हात लावायचा का, शेजारी बसायचं का, मिठी मारायची का. हे फक्त अमेरिकेत होतं असं समजू नका. गोव्यातल्या डॉमिनिक डिसूझाची गोष्ट आपल्याकडची आहे. साधा नोकरी करणारा तरुण, रक्तदान करणारा. त्या रक्ताच्या तपासणीतून कळलं की त्याला एचआयव्ही आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस त्याला घेऊन गेले आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात त्याला ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं. गुन्हा काही नाही. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तशी तरतूद होती! त्याच्या आईने कोर्टात धाव घेतली, लोक रस्त्यावर आले, तेव्हा तो सुटला. सुटल्यावर त्याने एचआयव्ही झालेल्यांसाठी काम उभं केलं आणि १९९२ मध्ये तो गेला. ‘माय ब्रदर निखिल’ हा २००५ चा सिनेमा त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला.

तर असा काळ. त्यात डॅन पालोट्टा नावाच्या माणसाने ठरवलं की एड्ससाठी सायकली चालवायच्या.

पालोट्टाला हे सुचलं त्याला आधीचा एक धागा होता. १९८३ मध्ये तो हार्वर्डमध्ये शिकत असताना आणखी ३८ विद्यार्थ्यांना घेऊन त्याने अमेरिका आडवी पार केली होती, पश्चिम किनाऱ्यावरच्या सिअ‍ॅटलपासून थेट बॉस्टनपर्यंत, चार हजारांवर मैल. भूकबळींसाठी काम करणाऱ्या ऑक्सफॅमला मदत म्हणून. जमले ऐंशी हजार डॉलरच्या आसपास. विद्यार्थ्यांच्या मानाने पुष्कळ. पण त्याला त्यातून जे कळलं ते पैशापेक्षा मोठं होतं. लोकांकडे काहीतरी अवघड मागितलं तर ते जास्त देतात. "पाच डॉलर द्या" म्हटलं तर लोक खिसे चाचपतात. "तुझ्या आयुष्यातला एक अख्खा आठवडा दे, अंग मोडून घे" म्हटलं तर नाव नोंदवायला येतात. हे उलटं वाटतं खरं. पण आपल्याकडे निर्जळी उपास करणाऱ्या आजीला हे कोणी समजावून सांगावं लागलं नसतं.

मे १९९४ मध्ये पहिली कॅलिफोर्निया एड्स राइड निघाली. ४७८ सायकलस्वार. त्यातले बरेच जण आयुष्यात कधी दहा मैलांच्या पलीकडे सायकल न चालवलेले. खर्च वजा जाऊन दहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम लॉस एंजेलिसच्या समलिंगी समाजासाठी काम करणाऱ्या केंद्राकडे गेली. बघता बघता बॉस्टन-न्यूयॉर्क आणि इतर शहरांतूनही अशा राइड्स सुरू झाल्या. प्रायोजक कोण, तर टँकरे ही जिन बनवणारी कंपनी. (आरोग्याच्या कामाला दारूचे पैसे! पण त्या काळात एड्सच्या शेजारी आपलं नाव छापून घ्यायला तयार असणाऱ्या कंपन्या फार नव्हत्या, हेही लक्षात घ्या.)

आता मामाचा प्रश्न. सायकल कशाला?

समजा तुम्ही सॅक्रामेंटोत बँकेत कारकून आहात आणि राइडला नाव नोंदवलंय. तुम्हाला काही हजार डॉलर जमवायचेत. एकही ओळखीचा माणूस श्रीमंत नाही. मग काय कराल? यादी करायला बसाल. आई, काका, चुलतभाऊ, शाळेतली बाई, चर्चमधले लोक, केस कापणारा, शेजारची म्हातारी. शंभर-सव्वाशे नावं. आणि या प्रत्येकाला पत्र लिहायचं किंवा फोन करायचा. त्या पत्रात एक शब्द टाळता येत नाही. एड्स. कशासाठी पैसे हवेत हे लिहावंच लागतं. आणि तो शब्द लिहिला की पुढचा प्रश्न येतोच. "तुला का एवढं वाटतंय? तुझं कोणी...?" मग कोणाला सांगावं लागतं की माझा भाऊ गेला. कोणाला सांगावं लागतं की मला स्वतःला आहे. कोणी म्हणतं की आई, मी तुला कधी सांगितलं नाही, पण...

मला वाटतं, ही राइड खरी इथे होती. रस्त्यावर निघायच्या आधीच्या पाच-सहा महिन्यांत, स्वयंपाकघरांतल्या फोनवर. सरळ चेक पाठवणाऱ्याला कोणाशी बोलावं लागत नाही. सायकल चालवणाऱ्याला शंभर जणांशी बोलावं लागतं. आणि ज्या रोगाचं निम्मं बळ लपवाछपवीत होतं, त्याच्याबद्दल हजारो घरांत हा शब्द मोठ्याने उच्चारला गेला. ‘माझा भाचा सायकल चालवतोय’ या निमित्ताने एखाद्या खेड्यातल्या मामीने तो आपल्या शेजारणीजवळ उच्चारला. हे कुठल्या ताळेबंदात लिहिता येत नाही.

ताळेबंदाचं नाव निघालंच आहे तर आता ते महाभारत.

सात दिवस हजारो माणसं रस्त्यावर न्यायची म्हणजे दररोज एक नवं गाव वसवायचं आणि सकाळी उचलायचं. तंबूंच्या रांगा, सामानाचे ट्रक, आंघोळीचे ट्रक, फिरते संडास, सकाळ-संध्याकाळचं जेवण, डॉक्टर, मालिश करणारे, सायकल दुरुस्तीवाले, रस्त्यावर दर पंधरा-वीस मैलांवर पाणी-केळ्यांचे थांबे, आणि ज्यांच्याने पुढे जाववत नाही त्यांना उचलून आणणाऱ्या गाड्या. वारीला जाऊन आलेल्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. फरक इतकाच, की वारीत वाटेवरची गावं जेवू घालतात. इथे सगळं विकत. शिवाय पालोट्टाची कंपनी नफ्यासाठी चालणारी होती, राइड भरवण्याची ठरलेली फी घेणारी, आणि तो जाहिरातींवर हात सैल सोडून खर्च करायचा. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती. लोकांना हे खुपायला लागलं. मी माझ्या आत्याकडून घेतलेले पन्नास डॉलर एड्सच्या रुग्णाला मिळाले की जाहिरातीला? काही शहरांत तर खर्च इतका झाला की संस्थांच्या हातात निम्म्याहूनही कमी पडलं.

शेवटी सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या ज्या दोन संस्थांना कॅलिफोर्नियाच्या राइडचा पैसा मिळत होता, त्यांनीच सांगितलं की आम्ही आमची राइड स्वतः काढतो. त्यातून एड्स/लाइफसायकल आली. २००२ साली काही आठवड्यांच्या अंतराने जवळपास त्याच रस्त्याने दोन राइड्स गेल्या. एक नवी, एक पालोट्टाची. कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पालोट्टाची कंपनी बंद पडली आणि साडेतीनशे लोकांची नोकरी एका दिवसात गेली.

पालोट्टा गप्प बसणारा नव्हता. २००८ मध्ये त्याने या सगळ्यावर पुस्तक लिहिलं आणि २०१३ मध्ये टेड परिषदेत दिलेलं त्याचं भाषण खूप गाजलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एड्स राइड्स आम्ही ५० हजार डॉलर भांडवलावर सुरू केल्या आणि नऊ वर्षांत सगळा खर्च जाऊन १० कोटी ८० लाख डॉलर एड्सच्या कामाला दिले. जाहिरात केली नसती तर टक्केवारी छान दिसली असती, पण रक्कम चिमूटभर राहिली असती. साबण विकणाऱ्याने जाहिरातीवर खर्च केला तर तुम्ही त्याला हुशार म्हणता, एड्ससाठी पैसे उभे करणाऱ्याने केला तर चोर म्हणता. हा कुठला न्याय?

मला त्याचं अर्धं पटतं. टक्केवारी हा दानाचा फार आळशी हिशेब आहे. शंभरातले नव्वद पोचवणाऱ्याने एकूण शंभरच जमवले असतील, तर त्यापेक्षा लाख जमवून साठ हजार पोचवणारा बरा. हे गणित शाळेतल्या पोरालाही येईल. पण जे अर्धं पटत नाही ते असं. साबण विकत घेणाऱ्याने आपल्या काकूचे पैसे घेतलेले नसतात. राइड ज्या ओळखीच्या माणसांच्या भरवशावर उभी होती, त्या माणसांनी हिशेब विचारला, तर त्यांना व्यापाराचा नियम सांगून भागत नाही. त्यांनी साबण घेतलेला नाही, भाच्यावर विश्वास ठेवलाय. असो.

भांडणाच्या दरम्यान एक मोठी गोष्ट घडून गेली होती. १९९६ मध्ये औषधं आली. एकावेळी तीन-तीन औषधं द्यायची ती नवी पद्धत. १९९६ च्या तुलनेत १९९७ मध्ये अमेरिकेतले एड्सचे मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले. एका वर्षात! मरणाची तयारी करून, विम्याचे पैसे उचलून बसलेली माणसं जगायला लागली. राइडचं रूपही त्यामुळे बदललं. पहिल्या वर्षांत माणसं मेलेल्यांचे फोटो सायकलला लावून चालवत होती. पुढे ज्यांना मरायचं होतं तेच सायकली चालवायला लागले. ‘पॉझिटिव्ह पेडलर्स’ या नावाचा त्यांचा वेगळा गट. एचआयव्ही असलेले सायकलस्वार, आणि ते जर्सीच्या पाठीवर लिहून फिरणारे. म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला वाचता येईल असं. दोन अडीच हजारांच्या त्या घोळक्यात चढावर त्यांनी तुम्हाला मागे टाकलं की काय वाटत असेल विचार करा. रोग्याची कीव करायची आपल्याला सवय असते. इथे रोगी "ऑन युवर लेफ्ट" असं ओरडून पुढे निघून जातो.

निघायच्या दिवशी पहाटे सगळे जमले की याच लोकांमधले काही जण एक रिकामी सायकल हाताने ढकलत मधून नेत. सीटवर कोणी नाही. त्या वेळी कोणी बोलत नसे.

पण सगळं गंभीर होतं असं नाही हं. गंभीर माणसांच्याने सात दिवस सायकल चालवलीच नसती. पाणी-केळ्यांच्या थांब्यांवरचे स्वयंसेवक नाटकातल्यासारखी सोंगं काढत. एक सायकलस्वार वर्षानुवर्षं कोंबडीच्या वेषात हे सगळं अंतर काटायचा. पाचव्या दिवशी, म्हणजे सांता मारिया ते लोम्पोक या छोट्या टप्प्यात, सगळ्यांनी लाल कपडे घालायचे असं ठरलं होतं. कल्पना अशी की वळणावळणाच्या रस्त्यावरून जाणारी ती रांग वरून बघितली तर एड्सच्या लाल फितीसारखी दिसावी. (ती फीत १९९१ मधली, न्यूयॉर्कच्या कलाकारांनी काढलेली.) पण सांगतात की लाल ‘ड्रेस’ म्हटल्यावर काही जणांनी खरोखरच बायकांचे लाल झगे चढवले आणि मग तीच प्रथा पडली. दाढीमिशावाले हजारभर बुवे लाल झग्यांत, डोक्यावर हेल्मेट, एखाद्या शेतकी गावातून सकाळी सकाळी चाललेत. :-)

मला मात्र सगळ्यांत विचार करायला लावतो तो तिसरा दिवस. किंग सिटी ते पासो रोबल्स.

आदल्या दिवशी सांताक्रूझपासून किंग सिटीपर्यंत शंभरावर मैल झालेले असतात. पोटऱ्या भरलेल्या, बुड सोललेलं (या विषयावर राइडवाले तासन्‌तास बोलतात, मी वाचवते तुम्हाला). रात्री तंबूत झोप धड नाही. आणि सकाळी उठून थोडं अंतर जातंय न जातंय तोच चढ येतो. त्या चढाचं नावच ‘क्वाडबस्टर’. आपण मराठीत मांडीतोड म्हणू. मैल-दीड मैल नुसता चढ, सावली नाही. काही जण उतरून ढकलत नेतात. वर पोचलेले लगेच पुढे जात नाहीत. तिथेच थांबून खालून येणाऱ्यांना हाका मारत राहतात, टाळ्या वाजवतात. शेवटचा येईपर्यंत काही जण तिथे असतात. शर्यतीत असं कुठे होतं?

मग उतार, मग ऊन. किनारा सोडून आत आल्यामुळे समुद्राचा गारवा संपलेला. खोऱ्याचा हा भाग जूनमध्ये भट्टीसारखा तापतो. आणि मग ब्रॅडली.

राइडचं जेवण असतंच. ते सगळ्यांना फुकट, म्हणजे आधीच भरलेल्या पैशांत. तरी ब्रॅडलीत माणसं दुसऱ्या रांगेत उभी राहतात आणि खिशातले पैसे काढतात. त्या रांगेच्या टोकाला शाळेतल्या मुलांचे आई-बाप जाळीवर बर्गर भाजत असतात आणि मुलं ते वाढत असतात. ब्रॅडलीची शाळा म्हणजे जेमतेम काही डझन मुलं. सरकारी पैशात मास्तरांचा पगार आणि पुस्तकं भागतात. खेळ, संगीत, सहली यांना उरत नाही. ते सगळं या एका दिवसाच्या बर्गरवर चालायचं. वर्षातल्या एका दुपारवर!

आता हे चित्र नीट बघा. एका बाजूला शेती-गुरं करणारं, जुन्या वळणाचं छोटं गाव. शेजारी कॅम्प रॉबर्ट्सची लष्करी छावणी. दुसऱ्या बाजूला शहरातून आलेली ही माणसं. त्यातली कितीतरी समलिंगी, काही एचआयव्हीवाली, आणि काही उद्या-परवा लाल झगे घालणारी. १९८९ मध्ये ज्या रोगाच्या नावाने गोव्यात एका माणसाला कुलपात ठेवलं, अमेरिकेतही त्या वर्षांत ज्याच्या नावाने शाळांमधून मुलांना काढलं गेलं, त्याच रोगाची माणसं इथे दहा वर्षांच्या पोरांच्या हातून बर्गर घेतायत. पोरं त्यांच्या बाटल्यांत बर्फ घालतायत. आणि कोणाच्याही मनात येत नाही की काही विशेष चाललंय. पोरांना एवढंच माहीत की सायकलवाले आले म्हणजे आपली सहल पक्की.

इथे दान देणारा कोण आणि घेणारा कोण? एड्ससाठी दान मागत निघालेली माणसं गावाच्या शाळेला पोसून जातात. गाव त्यांना जेवू घालतं, पण फुकट नाही, मोल घेऊन. मला हे मोल घेणं फार आवडतं. उपकार नाहीत, कीव नाही. भूक लागलेल्याने जेवण विकत घेतलं आणि जेवण करणाऱ्याला पैसे हवे होते. अशा देवाणघेवाणीत माणूस माणसाला घाबरायचं विसरतो. जाहिरात फलक लावून, पत्रकं वाटून हे झालं असतं असं मला वाटत नाही. त्याला दर वर्षी घामाघूम होऊन दाराशी यावं लागतं, तेही शंभराच्या वस्तीच्या गावात, जिथे विमानाने किंवा चेकने कोणी पोचत नाही. सायकलने पोचतं, कारण सायकलवाल्याला दुपारपर्यंत भूक लागते.

मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हं. म्हणजे वाटेत जेवावं लागतं म्हणून सायकल." मामा असाच आहे. पण तसं बघितलं तर त्याने माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं.

ब्रॅडलीनंतर जुनं मिशन असलेलं सॅन मिगेल, मग पासो रोबल्सचा तळ. पुढचे दिवस मी भराभर सांगते. चौथ्या दिवशी लॉस एंजेलिसपर्यंतचं निम्मं अंतर संपतं, तिथे सगळे सायकल डोक्यावर धरून फोटो काढतात. सहाव्या दिवशी रात्री व्हेंतुरा गावच्या समुद्रावर मेणबत्त्या घेऊन सगळे गप्प उभे राहतात आणि एकेक करून मेणबत्त्या विझवतात. सातव्या दिवशी लॉस एंजेलिस.

आणि मग २०२५. तीस वर्षांत दोन्ही नावांच्या राइडने मिळून तीस कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली होती. पण कोविडनंतर सगळंच महागलं, ट्रक, तंबू, जेवण, विमा. आणि सायकलस्वार पूर्वीइतके येईनात. त्याचं कारण एका अर्थी चांगलंच. २०१२ पासून तर लागण होऊच नये म्हणून घ्यायची गोळी अमेरिकेत मिळायला लागली. औषध वेळेवर घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो की त्याच्यापासून जोडीदाराला लागण होत नाही. ज्याचा भाऊ, मित्र, प्रियकर मेला त्याने सायकल काढली होती. ज्यांचं कोणी मेलं नाही अशी पिढी आता तिशीला आली. त्यांना तरी आठवडाभर मांड्या कशाला दुखवायच्या? दोन्ही संस्थांनी जाहीर केलं की १ ते ७ जून २०२५ ची राइड शेवटची. ज्या खर्चाच्या टक्केवारीवरून २००२ मध्ये भांडण झालं होतं, त्याच खर्चाने शेवटी नव्या राइडलाही गाठलं. पालोट्टाला हे वाचून काय वाटलं असेल, मला उत्सुकता आहे.

शेवटच्या राइडचा तिसरा दिवस ३ जूनला आला, मंगळवारी. ब्रॅडलीत जाळ्या पेटल्या, रांग लागली.

त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या संस्थेने नवी राइड जाहीर केली. सात दिवसांची नाही, तीन दिवसांची. खर्च आटोक्यात राहील, सुट्टी काढणंही सोपं. तिचा रस्ता सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला जातो. ब्रॅडली दक्षिणेला आहे.